वारा पडला म्हणून

बोअरच्या दोन गाड्या मी कुणाच्या उपकारावर उभ्या केलेल्या नाहीत. त्यामुळे गॅस शोधणारी कंपनी लातूरला आली तेव्हा तिच्या साहेबाशी मी बरोबरीनं बोललो. तो सांगायचा, आपल्या काळ्या कातळाखाली फार जुन्या नद्यांची वाळू आहे. तिचा आता दगड झालाय आणि त्या दगडाच्या बारीक छिद्रांत गॅस अडकलेला असू शकतो. शोधायची रीत अशी: माझ्या गाडीनं भोक पाडायचं, त्यात सुरुंग उडवायचा आणि खालून परत येणारा धक्का जमिनीत रांगेनं खोचलेल्या यंत्रांनी ऐकायचा.

रांग किल्लारीकडच्या एका गावाला लागून जात होती. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. वाटेतलं शेत एका म्हाताऱ्याचं. त्याची बायको आणि दोन पोरं भूकंपात गेलेली, एक पोरगा तेवढा वाचलेला. साहेबानं मलाच पुढं घातलं. मी भरपाईचा आकडा चढवत गेलो, म्हातारा मान हलवत राहिला.

"पैसा ऱ्हाऊ दे," शेवटी तो म्हणाला. "उडवायच्या आधी दारात येऊन सांग. आमी समदे भाईर बसू. कळून हादरलं तर हादरू दे."

मी हाव म्हणालो. केलेला सौदा मी मोडत नाही.

त्या दिवशी वारा होता. झाडं हलली तरी यंत्रांना ऐकू जातं, म्हणून साहेब थांबला होता. मी सांगायला गावात गेलो. म्हाताऱ्याच्या दारात मोटरसायकल लावतोय तोच पायाखालची जमीन थडथडली, पत्रे वाजले. सून नातवाला कवटाळून बाहेर धावली. मागून म्हातारा, अनवाणी, भिंत धरत.

"जमिनीनं तवाबी न सांगताच केलं," मला बघून तो म्हणाला. "तू तर सांगणार हुतास."

माझा फोन खिशातच होता. वाजला नव्हता.

शेतात येऊन मी साहेबाचा उद्धार केला. तो म्हणतो, "वारा पडला. अशी शांतता परत मिळाली नसती."

मी दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या काढून घेतल्या. "आता त्या दारात तुम्ही जायचं. तोवर एक भोक पडणार नाही."

"काम थांबलं तर जबाबदार कोण?"

"तुम्हीच. बसा मागं."

म्हाताऱ्याच्या ओसरीवर बसून साहेबानं माफी मागितली, नीट मागितली. मग धुळीत बोटानं एक वळण काढून दाखवलं. शेजारच्या रांगेत अशी जुनी नदी दिसली होती. ती बहुतेक याच शेताखालून जात असावी.

"पाणी हाय का तिच्यात?"

"नाही बाबा. दगड आहे."

"मग कशाची नदी!" म्हातारा हसला. उरलेल्या सुरुंगांना त्यानं परवानगी दिली, अट तीच. सुनेनं आतून चहा आणला, एकच कप.

"सायबाला दे," तो म्हणाला.

पुढचा प्रत्येक सुरुंग मी दारात सांगून उडवू दिला. कंपनी केव्हाच गेली. गॅसची विहीर अजून कुठं खणलेली नाही. त्या गावात कुणाला बोअर घ्यायचं असलं की ते धाराशिवकडची गाडी बोलावतात. माझी जवळ पडते, तरी.