हिरव्या पडद्यांची गोधडी

थोरा एगलँड ही माझी थोरली जाऊ. जावेबद्दल चांगलं बोलणं कुणालाच सोपं नसतं, आणि थोराबद्दल तर मुळीच नाही. तरी बोलते, कारण गावात तिची गोष्ट उलटीच सांगतात. म्हणे म्हातारीनं भर चर्चमध्ये तमाशा केला. केलाच. मी होते ना तिच्या बाजूला.

आमच्या चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायका गोधड्या शिवायला जमतात. शरद ऋतूत त्या सगळ्या जहाजानं दूर कुठेतरी जातात, युद्धानं नाहीतर पुरानं घरं गेलेल्या माणसांकडे. शिवायला कुणीही यावं, कॉफी प्यावी, लेमन बारच्या आंबटगोड वड्या खाव्यात. कापड मात्र थोरा निवडायची. आधी उजेडाकडे धरून विरलंय का बघायची, मग दोन्ही अंगांनी ताणायची, ओलं बोट घासून रंग उतरतो का पाहायची आणि शेवटी नाक खुपसून हुंगायची. "आपण अंगावर घेऊ का हे?" एवढाच तिचा प्रश्न असायचा.

कापड मिळवायला ती कुठेही जायची. शेतावरच्या लिलावात पुरुष ट्रॅक्टरभोवती घुटमळत, ही चादरींच्या खोक्यात डोकं घालून बसे. कुणाचा नवरा गेला की काही दिवसांनी ही कॉफीला हजर, आणि निघताना गाडीत त्याचे लोकरी सूट. थोरा दारात दिसली की कपाट रिकामं झालंच म्हणून समजा, असं लोक म्हणत. पण नाक मुरडणं तिथंही चालूच. "ओलाफची ही पँट गुडघ्यात गेलीय. हिनं फरशी पूस," हे तिनं डोळे पुसणाऱ्या विधवेला सांगितलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्या बाईला मात्र हसू फुटलं.

त्या वर्षी वसंतात नदी गावात शिरली आणि लाइल ब्रॅटनच्या कापडदुकानाचं तळघर भरलं. लाइल म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या दुकानातले सुती तुकडे आम्हाला फुकट मिळत आणि निम्म्या गोधड्या त्यांवरच निघत. सप्टेंबरात तो पडद्याच्या जाड हिरव्या कापडाची ठाणं घेऊन आला. सोबत वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आणि आमच्या चर्चचे पास्टर नेस.

थोरानं ठाण उलगडलं आणि नाक खुपसलं.

"लाइल, हे पुरात भिजलंय."

"वाळवलंय की चांगलं."

"आत कुजलंय. घेऊन जा."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. लाइलचे कान लाल झाले. "थोरा, ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना हे सोन्यासारखं वाटेल."

"मग घाल की हे सोनं तुझ्या बायकोच्या पलंगावर."

कुणीतरी फिसकन हसलं आणि तिथेच सगळं बिनसलं. लाइल म्हणाला, "हे नको असेल तर तुकड्यांचीही वाट बघू नका." पास्टर नेस अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "थोरा, देणाऱ्याचं मन बघावं." आणि त्यांनी ठाणं ठेवून घ्यायला लावली.

ते गेल्यावर आमच्याबरोबर शिवायला बसणारी इनेझ तिच्यावर उखडली. "अगं, त्याचे तुकडे बंद झाले तर शिवायचं काय आपण? आपली कातडी?"

"तुझी पुरेल गं दोन गोधड्यांना," थोरा म्हणाली.

घरी जाताना गाडीत ती मला एकदम म्हणाली, "आमचं घर जळलं ना, तेव्हा चर्चनं आम्हाला गोधडी दिली होती. तिला उंदराच्या मुताचा वास यायचा. आईनं आम्हा पोरांना रांगेत उभं करून थँक्यू म्हणायला लावलं. मी म्हटलं. अख्खा हिवाळा त्या वासात झोपले." इतक्या वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मला लाइलचा असा संताप आला, की गाडी गटारात जायची राहिली.

पुढच्या गुरुवारी ती मुकाट्यानं त्या हिरव्या कापडाला बसली. एकच गोधडी केली, पण काय केली! कोपऱ्याला कोपरा जुळलेला, थर बांधणाऱ्या लोकरीच्या गाठी एका ओळीत. इनेझला वाटलं म्हातारी नमली. मी तिला ओळखून होते.

गोधड्या रवाना होण्याआधी एका रविवारी त्या चर्चच्या बाकांवर पसरून आशीर्वाद घेतात. आमच्याकडे प्रत्येक घराचा बाक ठरलेला, पिढ्यान्‌पिढ्या. लाइलच्या ब्रॅटन घराचा दुसरा, चर्च ऊबदार ठेवणाऱ्या रेडिएटरला चिकटून. थोरानं हिरवी गोधडी तिथे घातली. तळघरात जाऊन रेडिएटरची आच वाढवली ती मी.

पहिल्या स्तोत्रापर्यंत सगळं ठीक होतं. प्रवचन सुरू झालं आणि कापड तापलं. आधी लाइलच्या बायकोनं, मर्नानं, रुमाल नाकाला लावला. मग मुलं चुळबुळायला लागली. ओल्या तळघराचा तो वास पाचव्या बाकापर्यंत आला. शेवटी लाइल उठला आणि घरच्यांना मागच्या रिकाम्या बाकाकडे खुणावू लागला.

थोरा उभी राहिली. आमच्याकडे प्रवचनात कुणी खोकतसुद्धा नाही.

"बस, लाइल. तुला सरकायला दुसरा बाक आहे. ही ज्याला मिळेल, त्याला दुसरी गोधडी नाही."

पास्टर नेस वाचता वाचता थांबले. लाइल उभाच राहिला. मी पण उठून उभी राहिले, का ते मला आजही सांगता येत नाही, पण बसवेना.

हिरवी ठाणं दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेली. लाइलचे तुकडेही बंद झाले. थोरानं काम सोडावं असं चर्चच्या मंडळानं कळवलं, तर ती म्हणाली, "तळघराची किल्ली माझ्याकडे आहे, या घ्यायला." कुणी आलं नाही. गुरुवारी टेबलावर कापड जवळजवळ नव्हतंच आणि आम्ही नुसती कॉफी पीत होतो, तेव्हा मर्ना ब्रॅटन जिना उतरून आली. हातात तिचा राखाडी लोकरी कोट, रेशमी अस्तराचा, गावातला सगळ्यात महागडा. तिनं तो थोरापुढे ठेवला.

इनेझनं तर छातीवर हात ठेवला. मला वाटलं, आता तरी थोरा थँक्यू म्हणेल.

थोरानं कोट उचलून उजेडाकडे धरला. ताणला. ओलं बोट घासलं. हुंगला.

"पाठ चांगली आहे," थोरा म्हणाली. "बाह्या कोपरात विरल्यात. त्या घरी घेऊन जा." आणि त्या कापायला कात्री मर्नाच्याच हातात दिली.