शेवटच्या पाहुण्यापर्यंत

एस्प्लनेडच्या बँकेत होते, तेव्हा बाबांना सांभाळणाऱ्या मालतीचा फोन आला. "दीदी, मेशोमशाय आर नेई." बाबा गेले, असं ती बंगालीत सांगत होती. मी समोरच्या ग्राहकाचं काम उरकलं आणि मगच उठले. बाबांनी शाबासकी दिली असती. कामाच्या जागी चेहरा हलू द्यायचा नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं.

बाबा राजदूत होते. निवृत्तीनंतर न्यू टाउनला माझ्याकडे आले, पण तोरा तोच. राजदूत स्वतःचा नसतोच, ते सांगत. तो कुठे गेला, कोणाशेजारी बसला, किती हसला, सगळ्याचा यजमान देश अर्थ लावतो. ऐकणारे भारावून जात. मला मात्र चीड यायची, कारण त्या अर्थापायी माझी आई गेली.

परदेशातच तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ताबडतोब करा, असं डॉक्टरांनी बजावलं. पुण्याला यायला तिनं सामानही भरलं. पण प्रजासत्ताक दिनाचा स्वागतसमारंभ महिनाभरावर होता आणि दोन्ही देशांत तेव्हा कुरबुर चालू होती. अशा वेळी राजदूताची पत्नी मायदेशी निघून गेली तर भलताच अर्थ निघेल, म्हणून बाबांनी तिला थांबवलं. "अगं, मला उभंही राहवत नाही," ती मला फोनवर म्हणाली आणि रडली... समारंभ झाला. पुण्यात डॉक्टरांनी पोट उघडलं आणि काही न करता तसंच शिवलं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बाबा हा प्रसंग रंगवून सांगत. "शेवटचा पाहुणा जाईपर्यंत हिची आई दारात उभी होती." एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले होते, तेही सांगा." ते शांतपणे म्हणाले, "तो विषय इथला नाही." घरी येताना गाडीत एवढंच बोलले, "तुझ्या आईनं कधी तक्रार केली नाही." केली होती. फक्त त्यांच्याकडे नाही.

परवा मंडळातल्या एक काकू सांत्वनाला आल्या. बाबांच्या खोलीत त्या समारंभाचा फोटो आहे. पैठणीतली आई हसतेय, शेजारी बाबा, तिचा दंड धरून. "किती जपायचे ना तिला," काकू हळहळल्या. मी त्यांना चष्मा लावून जवळून बघायला सांगितलं. बाबांची नखं पांढरी पडलेली स्पष्ट दिसतात.

"जपत नव्हते, काकू... खाली पडू देत नव्हते."

काकू चहा न घेताच गेल्या. फोटो मी तिथून हलवलेला नाही. येईल त्याला जवळ जाऊन बघायला सांगते.