झोपेशिवाय सोडलेली गाडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय – ते मलाही नीट कळत नाही.

बोईसरला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी गाड्या लावते. म्हणजे तारापूरच्या कारखान्यांतला माल कुठल्या ड्रायव्हरनं कुठे न्यायचा, ते ठरवते. दमलेल्या माणसाच्या हातात ताई गाडी देत नाही, असं माझं नाव आहे. दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा – हा कायदा मालकालाही मीच शिकवला. भांडून शिकवला. ते खोटं नाही. पण –

नितीनपासून सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ. माकुणसारला आमची केळीची वाडी, पण त्याचं मन तिथे रमलं नाही. दुसऱ्या एका ट्रान्सपोर्टचा टँकर चालवायचा. एकदा सुरतेहून थकून आला आणि लगेच दुसरा माल लावला गेला. त्यानं मला फोन केला. "ताई, डोलं उघडं राहत नाय. पण जयवंत ऐकत नाय." जयवंत तिथला सुपरवायझर. झोप काय, गाडीत बसलं की उडते, असं तो नितीनला म्हणाला होता. मनोरच्या पुढे, भर दुपारी, टँकर उभ्या कंटेनरवर आदळला. नितीन जागीच गेला. चूक चालवणाऱ्याची ठरली. कायदा मी त्यानंतर वाचला. आधी वाचला असता तर? जाऊ दे.

काही वर्षांनी जयवंत होता ते ट्रान्सपोर्ट बंद पडलं. मुळात तो ड्रायव्हरच. काम मागायला आमच्याकडे आला. माझं आडनाव सासरचं, त्यानं ओळखावं कसं? मालक कां-कूं करत होते. मीच म्हटलं – घ्या, अनुभवी माणूस आहे.

आणि मग वाट बघितली. चांगलं वागले त्याच्याशी. तो मला ताई म्हणायचा तेव्हा दातांखाली खडा आल्यासारखं व्हायचं, तरी हसायचे.

एका सकाळी तो गुजरातेतून परतला. डोळे लाल, बोलताना जीभ जड. म्हणाला, "ताई, आज नको. आंग मोडून आलंय. झोपतो थोडा." दुसरा ड्रायव्हर मोकळा होता – हे मला तेव्हाही माहीत होतं. मी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हटलं, "झोप काय, गाडीत बसलं की उडते."

त्याला काहीच आठवलं नाही. नोकरीची भीती होती. मुकाट्यानं चावी घेतली.

मला काय हवं होतं? खोटं कशाला बोलू – तो मरायला हवा होता.

तो मेला नाही. बोईसर-चिल्हार रस्त्यावर त्याला डुलकी लागली आणि ट्रक कडेला गेला. पाळी संपवून सायकलवरून सरावलीतल्या खोलीवर चाललेला एक कामगार चाकाखाली आला. रामबचन. त्याचा एक पाय कापावा लागला.

जयवंत पोलिसांना म्हणाला, "ताईंनीच पाठवला." मी म्हटलं, "मी झोपायला सांगितलं होतं. तोच ऐकेना." सगळे ड्रायव्हर माझ्या बाजूनं उभे राहिले. ताई असं करणारच नाही, म्हणाले. त्याला शिक्षा झाली. लायसन्स गेलं.

निकालाच्या दिवशी पालघरच्या कोर्टाबाहेर मी त्याला गाठलं. हे एवढं बोलायचंच होतं मला. म्हटलं, "मी नितीनची बहीण."

तो खरंच आठवून बघत होता बिचारा. मग म्हणाला, "कोण नितीन?"

सांगितलं नाही. पाठ फिरवून चालू लागले. त्या घडीला तो परत समोर आला असता तर परत गाडी दिली असती त्याला. परत तशीच.

रामबचनला मालकांनी आमच्याच गेटवर बसवलंय. माझ्या शब्दाखातर. रोज कुबडी भिंतीला टेकवून म्हणतो, "नमस्ते, दीदी." त्याची बायको छठचा प्रसाद आणून देते मला. मी खाते.

जयवंत सुटून आलाय. चिल्हार फाट्याजवळच्या एका ढाब्यावर भांडी घासतो. परवा तिकडून येताना मी रिक्षा थांबवायला लावली. तो वाकून परात घासत होता, केस पांढरे झालेत. रिक्षावाला विचारत होता, कुणी ओळखीचं आहे का. मी नाही म्हटलं. आणि बघत राहिले.

बरं वाटलं मला.