एकच ठोका

एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास मी बल्लारपूरच्या एका लाकूड डेपोत कारकून होतो. फाटकाशी सागाच्या खांबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. दुपारच्या सुट्टीचा टोल देणारा उंच, वाळका माणूस बाराला पाच कमी असतानाच उभा राही. सदऱ्याच्या गुंड्या लावी, बोटांची पेरं मोजी आणि समोरच्या मोकळ्या जागेकडे टक लावून बघे. ठोका एकच देई. मग हातोडी तशीच वर धरून थांबे. तोवर मजुरांनी शिदोऱ्या सोडलेल्या असत.

एकदा मी विचारलं, "भाऊ, टोल तर झाला. थांबता काऊन?"

तो लाजला. महायुद्धात तो फौजेच्या बँडमध्ये होता. पुढे मुंबईच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात त्याला झांज वाजवायला घेतलं.

"समोर छडीनं ताल देनारा सायब. अर्धा घंटा नुसतं मोजत बसा लागे, भाऊ. माही झांज एकदाच. पन थे वाजली का मांगून साठ जनं एकदम वाजवाले लागत."

"मग सोडलं काऊन?"

"माय आंधळी झाली. घरी कोनी नाई." हातोडी खुंटीला अडकवत तो म्हणाला, "इथी मी रोज ठोका मारतो, अन् मांगून कोनीच येत नाई."

तो ऑर्केस्ट्रा मी कधी ऐकला नाही. पण त्या दिवसापासून टोल पडल्यावर मी लगेच डबा उघडत नसे. रुळाचा आवाज ओंडक्यांवरून विरत जाई, आणि आम्ही दोघं थांबून असू.