फाटक कोणाच्या सांगण्यावरून उघडलं

त्याच्याविषयी मला पहिला संशय आला, तो त्यानं हजर होताना हात जोडले नाहीत म्हणून.

सागवानाचा एक डेपो तेव्हा माझ्या ताब्यात होता. कुठला, ते लिहीत नाही. नवा वनरक्षक बदलीचा आदेश घेऊन आला, कागद टेबलावर ठेवला आणि माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "या नकाशात नाला उलट्या बाजूनं दाखवला हाय साहेब." एवढंच. गाव कोणतं, आधी कुठं होता, साहेबांची प्रकृती कशी आहे, काही नाही. तो बाहेर गेल्यावर मी कारकुनाला विचारलं, "हा कोणाचा माणूस आहे?"

माझ्या नोकरीत हा प्रश्न आम्ही प्रत्येक नव्या माणसाबद्दल विचारत असू. प्रत्येक जण कोणाचा तरी असायचाच. आणि सरळ कोणी बोलत नसे. साहेबाला कोंबडा हवा असला तर तो म्हणे, "इकडं गावठी कोंबड्या चांगल्या मिळतात म्हणे." संध्याकाळपर्यंत कोंबडा बंगल्यावर पोचलेला असे. न सांगितलेलं ऐकू येणं हीच आमची हुशारी होती आणि माझे कान त्या बाबतीत फार तिखट होते. मला त्याचा अभिमानही होता.

त्या वर्षी वरचे एक साहेब डेपो बघायला आले. चार नंबरच्या थप्पीपाशी थांबले. एका लठ्ठ्यावरून हात फिरवत म्हणाले, "काय दाणा आहे! आमच्या घरी म्हणतात, पोरीला दिवाण द्यायचा तर असल्या लाकडाचाच." मी समजलो. समजलो नाही असं दाखवायचीही सोय होती, ती मी वापरली नाही.

पोळ्याच्या दिवशी डेपोवर मजूर नसतात. सगळे आपापल्या गावी बैल सजवायला गेलेले. त्या दुपारी ट्रक आला. ड्युटीवर तोच होता. मी त्याला म्हणालो, "फाटक उघड. चार नंबरचे तीन नग जातील."

"वाहतूक परवाना?"

"मागून येईल."

त्यानं फाटक उघडलं. परवाना मागून आला नाही. तो येणार नव्हताच.

डेपोवर एक नियम होता. वनरक्षकानं रोज सकाळी थप्प्या मोजायच्या आणि रजिस्टरशी जे जुळणार नाही ते प्रभारीला सांगायचं. नियम सगळ्यांना ठाऊक होता, पाळत कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसतो न बसतो तोच हा दारात.

"चार नंबरच्या थप्पीत तीन नग कमी हायेत साहेब. परवाना आला नाई."

"माहीत आहे," मी म्हणालो.

तो गेला. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी, त्याच शब्दांत पुन्हा. चौथ्या दिवशीही. बाहेर मजूर चहा पीत बसलेले असत. त्यांच्या मुकादमाची जीभ मोठी चावरी. एकदा मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "साहेबानं पोपट पाळला का जी? रोज एकच बोल बोलून राह्यला."

मजूर हसले. मला हसू आलं नाही. ज्यानं स्वतःच्या हातानं फाटक उघडलं, तो मला रोज त्याच तीन लठ्ठ्यांची आठवण का करून देतो? माझ्या हिशेबी याला एकच उत्तर होतं. तो मला सुचवत होता की मी पाहिलंय, माझा विचार करा. एक दिवस मी त्याला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि आवाज मऊ केला.

"बस. मोकळेपणानं बोल. तुला काय पाहिजे?"

"मले?" त्यानं जरा विचार केला. "मागच्या कुंपणाचा तार तुटला हाय. गाई शिरतात. तार पाह्यजे."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो खिडकीकडे बघत होता. मला वाटलं, हा तर माझ्यापेक्षा पोचलेला आहे. किंमत सांगत नाही म्हणजे किंमत मोठी आहे. किंवा मग याला कोणीतरी इथं मुद्दाम बसवलंय. मी कारकुनाला त्याच्या मागावर ठेवलं. तो आठ दिवसांनी सांगत आला, "काही नाई साहेब. कोणाशी बोलत नाई. डबा खाते भिंतीकडे तोंड करून. जेवल्यावर लाकडाच्या सालीवरून बोटं फिरवत बसते. अन् एक वही हाय, तिच्यात लिहिते."

बाकीचं मी सोडून दिलं. वही मात्र माझ्या डोक्यात बसली.

तीन महिन्यांनी अचानक तपासणी आली. ती कशामुळं आली हे मला आजही माहीत नाही, पण तेव्हा मला खात्रीच होती की यानंच कळवलं. मग मी त्याच्या आधी वार केला. माझा जबाब वेगळा, बंद खोलीत झाला. मी लिहून दिलं की पोळ्याच्या दिवशी मी गावी होतो. सदर वनरक्षक नजरेला नजर देत नाही, त्याचं वागणं संशयास्पद आहे, आणि कोणते नग गहाळ आहेत हे तपासणीआधीपासून त्याला तोंडपाठ आहे. यातलं पहिलं वाक्य खोटं होतं. बाकीची खरी होती आणि त्या खोट्याला तीच उपयोगी पडली.

मग त्याला बोलावलं. मला बाजूला बसू दिलं होतं.

"त्या दिवशी ड्युटीवर कोण होतं?"

"मी."

"फाटक कोणी उघडलं?"

"मीनं."

"परवाना होता?"

"नाई."

"कोणते नग गेले?"

त्यानं तिन्ही नगांचे क्रमांक, लांबी आणि गोलाई सांगितली. कागद न बघता. दोन्ही अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मनाशी म्हटलं, आता हा माझ्याकडे बोट करणार. धाकट्या अधिकाऱ्यानं विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

"नाई जी," तो म्हणाला आणि उठला.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट मी जास्तच घाबरलो. हा गप्प का राहिला? माझ्याविरुद्धचं पान हा राखून ठेवतोय, पुढं कधीतरी काढेल.

तो निलंबित झाला. आदेशात 'प्रभारी अनुपस्थित असताना' असे शब्द होते. आदेश हातात पडल्यावर त्यानं वर अर्ज केला की फाटक मी प्रभारींच्या सांगण्यावरून उघडलं. त्या अर्जावर माझं म्हणणं मागवण्यात आलं. मी लिहिलं, "पश्चातबुद्धीने केलेला आरोप. तसे असते तर चौकशीतच सांगितले असते." ही एक ओळ मी पोळ्याच्या दिवसापेक्षा जास्त वेळा आठवली आहे. त्यानं पुन्हा एक अर्ज केला. तोही तसाच फेटाळला गेला. दीड वर्षानं त्याला कामावर घेतलं, पार सिरोंच्याच्या पलीकडच्या जंगलातल्या बीटवर टाकलं. वनपालाची बढती त्याला कधीच मिळाली नाही. त्याच्या गावात त्याच्या घराला 'सागवानवाल्याचं घर' म्हणतात, हे मला पुढं कळलं. ते घर मातीचं आहे.

मी निवृत्त झालो, निरोप समारंभात शाल घेतली आणि बायकोला घेऊन चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला मुलीच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. जावई वीज केंद्रात आहे. त्यांची मुलगी नऊ वर्षांची.

एका दुपारी माझ्या चष्म्याची काडी मोडलेली सापडली. घरात ती आणि मी दोघंच होतो. मी तिला विचारलं, "तू मोडलीस?" ती पंख्याकडे बघत म्हणाली, "नाही." मी म्हणालो, "इकडं बघ. माझ्याकडं बघून बोल. खोटं बोलणारा माणूस नजर चोरतो."

ती म्हणाली, "तुमच्याकडे बघितलं की मला तुमचं बोलणं ऐकू येत नाही, आबा. एका वेळी एकच काम होतं. बघायचं की ऐकायचं?"

मी तिला दटावलं. संध्याकाळी तिची आई म्हणाली की काडी सकाळी आपल्याच हातून मोडली होती, घाईत सांगायचं राहिलं.

त्याच वर्षी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी नातीला ऑटिझम आहे असं सांगितलं. मी सोबत गेलो होतो. मी विचारलं, "म्हणजे तिला दुसऱ्याचं मन कळत नाही, असंच ना?" बाई म्हणाल्या, "तिला तुमचं कळायला जड जातं, खरं आहे. पण काका, तुम्हाला तिचं किती कळतं? तिच्यासारखी दोन मुलं एकत्र बसली की बहुतेक वेळा त्यांचं नीट जमतं. गोंधळ होतो तो तिच्या आणि आपल्या मधे. तो दोन्हीकडून असतो. फक्त चूक तिच्या एकटीच्या नावावर लागते."

परतीच्या गाडीत मुलगी रडत होती. जावई तिची समजूत घालत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. माझ्या डोळ्यांसमोर भिंतीकडे तोंड करून डबा खाणारा एक माणूस होता.

मी काही डॉक्टर नाही. त्याला हे नाव चिकटवायचा मला अधिकार नाही. पण संशय पहिल्यांदाच माझ्याकडे वळला होता आणि मग त्यानं मला सोडलं नाही.

तरी त्याला भेटायला जायला मला दोन वर्षं लागली. आधी वाटलं, तो मारेल. मग वाटलं, तो वही काढून माझ्यावर केस करेल. शेवटी गेलो. चंद्रपूरहून आलापल्लीची एसटी, पुढं त्याच्या गावापर्यंत ऑटो. त्याची नोकरी आता थोडीच उरली आहे. तो अंगणात तूर पाखडत होता. मला बघून म्हणाला, "तुम्ही बारीक झाले साहेब." मी लगेच विचार करायला लागलो, टोमणा आहे की काय. आरशात बघितलं असतं तर कळलं असतं. मी बारीक झालोच आहे.

मी बाजेवर बसलो आणि जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "त्या दिवशी चौकशीत माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुम्ही रोज सकाळी 'माहीत आहे' म्हनत होते. मले वाटलं, साहेबाले माहीत हाय म्हंजे साहेबानं वर कळवलं. म्हनूनच तपासनी आली. त्यांच्याजवळ कागद होते. ज्याइनं हुकूम दिला त्याइचं नाव त्या कागदात असनारच. माझं काम फाटकाचं होतं, ते मीनं सांगतलं."

"म्हणजे तुला वाटलं, मी स्वतःवरच तक्रार केली?"

"नियम तसाच हाय," तो म्हणाला. "चुकलं त कळवाचं. मीनं रोज कळवलं. मंग तुम्ही काऊन नाई कळवनार?"

मी जितका वाईट समजून त्याच्याशी वागलो, तितकाच तो मला चांगला समजून माझ्याशी वागला होता. अंदाज दोघांचेही चुकले. दंड मात्र एकट्याला झाला.

"अन् आदेश वाचल्यावर?"

"मंग समजलं. अर्ज केला. त्याइनं म्हनलं, तवाच काऊन नाई सांगतलं."

"ती ओळ मी लिहिली होती."

"हो. नक्कल भेटली मले."

मी हात जोडले. त्यानं पाखडणं चालूच ठेवलं. मग मी विचारलं, "तुला माझा राग येतो का?"

"येते," तो म्हणाला. "बायको च्या मांडून राह्यली. घ्या."

चहा घेताना मी त्या दोन वाक्यांचा मेळ लावत बसलो. राग असेल तर चहा कशाला? चहा देतोय म्हणजे राग गेला का? मग नातीची आठवण झाली. त्याला राग होता आणि चहा झाला होता. दोन्ही खरं होतं.

खरं काय घडलं ते लिहून नेलेला नवा जबाब मी त्याला दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला, आत गेला आणि ती वही घेऊन आला. पोळ्याचं पान काढलं. "तुम्ही दोन वाजता लिहिलं. ट्रक दोन चाळीसले आला. अन् त्यात चालकासंगं आनखी एक मानूस होता, तो राह्यला." मी तिथंच दुरुस्ती केली. वहीत पुढं रोजची नोंद होती: 'तीन नग कमी. साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले माहीत आहे.' तपासणीपर्यंत एकही दिवस सुटलेला नव्हता. ही वही कुठं दाखवली नाहीस का, असं मी विचारलं. दोन्ही अर्जांत तिचा उल्लेख केला होता, तो म्हणाला. ती कोणी मागवली नव्हती.

जबाब आणि वहीच्या नकला घेऊन मी वरच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं सगळं वाचलं, चष्मा काढला आणि खुर्ची जवळ ओढली. "काका, कोणाचा दबाव आहे का? त्यानं काही धमकी दिली?"

"नाही."

"मग यात नेमकं काय आहे? आपल्यात राहील."

"लिहिलंय तेवढंच आहे."

तो हसला. त्याचा विश्वास बसला नाही. त्याच्या जागी मी असतो तर माझाही बसला नसता. त्यानं पोच दिली आणि सांगितलं की जुनं प्रकरण आहे, फाइल शोधावी लागेल, तुमच्यावरही निघू शकतं. मी म्हणालो, निघू द्या.

त्याला पाच महिने झाले. तो वनरक्षक दर सोमवारी सकाळी मला फोन करतो.

"झालं का साहेब?"

"नाही."

"बरं."

फोन बंद. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. माझी बायको म्हणते, "हा माणूस तुमच्या मानगुटीवर बसलाय. एक दिवस काहीतरी मागेल बघा." पहिल्या दोन-तीन सोमवारी मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता सोमवारी सकाळी मी आधी त्या कार्यालयात फोन लावतो आणि फाइल कुठल्या टेबलावर आहे ते विचारून घेतो. मागच्या सोमवारी त्याला सांगितलं, "झालं नाही. पण फाइल सापडली. आस्थापना शाखेत आहे."

त्यानं विचारलं, "कोनत्या तारखेले सापडली?"

मी तारीख सांगितली. पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला. तो लिहून घेत होता.