पाच कोरी कलमं

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पावसच्या आमच्या बागेत फवारणीच्या पंपाची नळी कुठे गळते ते बघत होते. तिच्या भाच्याचा फोन. "मावशी, आत्या गेली... सकाळी सातला." मी "बरं" म्हटलं. बरं का म्हटलं, ते अजून कळत नाही. नळीला चिंधी बांधली, हात धुतले आणि मग बांधावर बसले. पाचवीपासूनची मैत्रीण, आणि मला आधी सुचलं ते नळी बांधणं. तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "बरोबर केलंस, औषध वाया गेलं असतं." त्याला आता महिना उलटून गेला.

रत्नागिरीच्या शाळेत आम्ही एका बाकावर. गणिताला मी तिच्या वहीत डोकवायची, निबंधाला ती माझ्या. पुढे ती मुंबईला सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, डॉक्टरेट केली, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत वीसेक वर्षं राहिली. मी लग्न होऊन पावसला आले आणि यजमान गेल्यावर हापूसची बाग माझ्या गळ्यात पडली. पन्नाशीला टेकल्यावर सुलभाने नोकरी सोडली आणि गावी परत आली. तिला एक जिवाणू सापडला होता. आंब्याच्याच पानावर राहणारा, मोहोर काळा पाडणाऱ्या करप्याला वाढू न देणारा. "तो माझ्या कपाटात राहून काय करणार? झाडावर जायला हवा," म्हणाली. औद्योगिक वसाहतीतला एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना भाड्याने घेतला, तिथे जिवाणू वाढवायच्या टाक्या बसवल्या आणि घरच्यांच्या मते स्वतःचं चांगलं चाललेलं आयुष्य बिघडवून घेतलं.

पण औषध खरोखर चालतं हे बागेत सिद्ध करायला हवं होतं. हा हंगाम फुकट गेला तर कारखाना बंद, हे तिने मला आधीच सांगितलं होतं. तिने पाच बागांत चाचणी लावली, त्यात माझ्याकडची दहा कलमं निवडली. पाचांवर तिचं औषध मारायचं, पाच कोरी ठेवायची. "कोरी म्हणजे कोरी गो. त्यांच्यावर काही म्हणजे काही मारायचं नाही. त्यांच्याकडे बघून मला कळणार, माझं औषध काय करतं ते." मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

पौषात मळभ आलं. चार दिवस ऊन नाही. कोऱ्या कलमांचा मोहोर काळवंडायला लागला. आमच्या बागेत तीस वर्षं राबलेला शांताराम रोज विचारी, "वयनी, ह्या पाच झाडांनी काय पाप केलंनी?" दोन दिवस मी तोंड फिरवून पुढे गेले. यजमानांनी स्वतःच्या हाताने लावलेली कलमं होती ती... तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मार." बाजारातलं नेहमीचं औषध आम्ही दोघांनी मिळून मारलं, आणि दोघंही गप्प बसलो.

आंबा तयार व्हायला लागल्यावर सुलभा मोजायला आली. दहाही झाडांवर सारखाच आंबा. तिने दोनदा मोजला. मग आमच्या ओटीवर येऊन बसली, पोह्यांना हात लावला नाही. "माझ्या औषधाने काही फरक पडत नाही, निमे. कारखान्याची जागा सोडून देते. पुण्याला काही मिळतं का बघते," अगदी शांतपणे म्हणाली. "सुले, मी मारलं," मी म्हटलं. "कोऱ्या झाडांवर. मला बघवेना."

तिने वही उघडली. "कधी मारलंस? कुठलं? किती?" सगळं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "वर्ष गेलं गो माझं." आणि रडली. मीही. थोड्या वेळाने डोळे पुसत म्हणाली, "आणखी चार बागांत हेच झालंय, सगळीकडे सारखाच आंबा. त्यांनीही मारलंच असणार. सांगितलंस तू एकटीने."

जागा तिने सोडली नाही; उसनवारी करून आणखी एक हंगाम काढला. पुढच्या वर्षी सगळ्यात आधी माझीच कलमं मागितली. माझ्यावर भरवसा कसा ठेवतेस, विचारलं तर म्हणाली, "कोण ठेवतंय? पंपाला कुलूप घालणार आहे." घातलं नाही. त्या वर्षी माझी पाच कलमं काळी पडली आणि तिची पाच तरारून फळली. मी हळहळले आणि पेढेही वाटले. आज जयगडपासून इकडे कितीतरी बागांत तिची बाटली असते.

दिवाळीनंतर तिचं दुखणं निघालं तेव्हा फार उशीर झाला होता. पुढचे उपचार तिने नको म्हटले. मला ते मुळीच पटलं नाही. दर खेपेला मी काहीतरी घेऊन जायची... काढा, कुठल्या वैद्याचा पत्ता, मुंबईच्या डॉक्टरचा नंबर. शेवटच्या खेपेला तिने माझी पिशवी उघडूच दिली नाही. "आता काही फवारू नको गो. नुसती बस." मी बसले. पाचच्या एसटीपर्यंत बसले. आयुष्यात त्याहून अवघड काम मी केलेलं नाही.

नव्या औषधाच्या चाचणीसाठी यंदाही पाच कलमं कोरी आहेत. मोहोराच्या दिवसांत दर सोमवारी सकाळी आठला सुलभाचा फोन यायचा, त्यांची खबर घ्यायला. ती गेल्यावर पहिल्याच सोमवारी आठला फोन वाजला आणि माझ्या हातातलं भांडं पडलं. तिच्या हाताखाली तयार झालेली रोहिणी होती, आता कारखान्यातली प्रयोगशाळा तीच बघते. "काकू, मॅडमनी यादीत लिहून ठेवलंय, सोमवारी निमाला फोन. कोरी झाडं कशी आहेत?"

मी म्हटलं, "मोहोर पार काळा पडलाय. काही मारलेलं नाही."

"लिहिते," ती म्हणाली. ती लिहीपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले, आणि मग मला रडू आवरेना.