विहीणबाईंच्या पुढे

मला पोहता येत नाही. समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, तोही लेकीच्या शाळेची सहल अलिबागला गेली तेव्हा, आणि घोट्याच्या वर पाण्यात गेले नाही. तरी गेली तीन वर्षं माझी स्वतःची एक नाव आहे. ती पोर्तुगालच्या किनाऱ्यावरून निघते, अटलांटिक ओलांडून पलीकडच्या बेटांना लागते, आणि तेवढ्या दिवसांत मी आमच्या गावी वरकुट्यात डाळिंबाच्या बागेत फुटवे काढत असते.

नाव मोबाइलमधली आहे. वारा मात्र खरा. त्या समुद्रावर आज जो वाहतोय तोच वारा खेळात येतो. आपण नावेला दिशा द्यायची, शीड निवडायचं आणि आपल्या कामाला लागायचं. आपण भाकरी थापत असलो तरी नाव चालतच राहते. एक शर्यत दहा-बारा दिवस चालते. जगभरातली हजारो माणसं खेळतात, त्यात मी कितवी येते हे मी कधी धड पाहिलं नाही. माझी शर्यत एकाच नावेशी होती, आणि ती नाव जळोचीला राहणाऱ्या माझ्या विहीणबाईंची.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या आणि लगेच गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने पलंगावर पडून त्यांचं डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा जावयांनी हा खेळ त्यांच्या मोबाइलवर टाकून दिला. एक दिवस त्यांचा मला फोन.

"जय भीम, विहीणबाई. तुमी म्हणं रोज मोबाइलवर वारा बघता?"

"व्हय, बघते की. फवारणीला लागतो."

"मग या माझ्या संगं खेळायला. एकटीनं खेळून काय उपेग न्हाय."

वारा मी खरंच बघायची. डाळिंबावर औषध मारायचं तर वारा पडलेला लागतो, नाहीतर औषध आपल्या झाडावर कमी आणि शेजाऱ्याच्या मक्यावर जास्त. मोबाइलवरच्या नकाशात वारा रंगांत दिसतो. लाल म्हणजे जोराचा, निळा म्हणजे पडलेला. वर्षानुवर्षं सकाळी उठून मी निळा शोधत आले. निळा दिसला की मालकांना, म्हणजे नवऱ्याला, हाक मारायची, की काढा फवारणीचा ब्लोअर.

त्या सवयीने पहिल्याच शर्यतीत माझा घात केला. नाव सोडली, नकाशा उघडला, आणि पुढे छान निळाशार पट्टा दिसला. बोट आपोआप तिकडे गेलं. मनात म्हटलं, हवा चांगली आहे. तीन दिवस माझी नाव त्या निळ्यात जागच्या जागी डुलत उभी होती आणि मला वाटत होतं की मोबाइलच बिघडला. चौथ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. हसून त्यांना बोलता येईना.

"विहीणबाई, समुद्रावर डाळिंबं लावली का काय तुमी?"

त्या आधी पोचल्या आणि मी आठ दिवसांनी, तेही रडतखडत. राग असा आला की मी वही केली. कुठल्या कोनात नाव किती पळते, कुठलं शीड कधी लावायचं, सगळं लिहून काढलं. रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला खेळात नवा वारा येतो. त्या वेळेला मी बांधावर बसून मोबाइल बघायची. मालक म्हणाले, "आता बागंत नांगर धरतीस का समुद्रात नांगर टाकतीस?" मी वहीत पुढची ओळ लिहिली. मला विहीणबाईंना एकदा तरी मागे टाकायचं होतं, बस.

पुढच्या शर्यतीत मी टाकलंही. शेवटच्या दिवशी माझी नाव त्यांच्या पुढे होती, दोनेक तासांचं अंतर राखून. आणि तेव्हा मला काय झालं कोण जाणे.

आमच्यात लग्न साधं होतं. पांढरी साडी, त्रिसरण, पंचशील, दोघांनी एकमेकांना हार घातले की झालं. विहिणीचे पाय धुणं नाही, रुसणं-फुगणं नाही, मानाची साडी नाही. आमच्या आज्याने हे सगळं कधीच मागे टाकलं होतं. पण डोक्यातून ते गेलं नव्हतं. जळोचीला गेले की मी सोफ्यावर बसायचीच नाही. स्वयंपाकघराच्या दाराजवळ एक प्लास्टिकची खुर्ची आहे, ती माझी. चहा आधी विहीणबाईंना, मग मला. कुणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं होतं, मुलीची आई म्हणून. लेक त्यांच्या घरात नांदते, आपण जरा खाली असलेलं बरं.

तर मी नाव वळवली. वाऱ्याच्या तोंडावर उभी केली, म्हणजे ती थांबली. विहीणबाईंची नाव शेजारून निघून गेली, मग मी माझी पुन्हा सरळ केली. त्या जिंकल्या. मी फोन करून अभिनंदन केलं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जावयांची गाडी आमच्या दारात. विहीणबाई काठी टेकत उतरल्या, पाणी न घेता ओट्यावर बसल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. खेळात नाव जिथून गेली त्याची रेघ मागे राहते, हे मला ठाऊक होतं, पण ती कुणी अशी निरखून बघेल असं वाटलं नव्हतं. माझी रेघ सुतासारखी सरळ येत होती आणि एका ठिकाणी तिला गळासारखा आकडा पडला होता.

"हे काय हाय?"

"नेट गेलं व्हतं."

"नेट गेलं तर नाव सरळ जाती. वळत न्हाय."

मी पदराने ओटा पुसायला लागले.

"तीस वर्षं लोकांना सुया टोचल्यात मी," त्या म्हणाल्या. "दुखत असून न्हाय म्हणणारा मला लगेच कळतो. मुलाची आई म्हणून जिंकवलंत ना मला?"

मी खाली मान घालून हो म्हटलं. खोटं बोलायची हिंमत राहिली नव्हती.

"नोकरीत मला खालची म्हणणारी माणसं भेटली. माझ्या हातनं गोळी घ्यायची पण पाणी न्हाय प्यायची. ते मी सोसलं न्हाय कधी, तोंडावर बोलले. आता तुमी मला वरची म्हणताय, तेबी मी सोसणार न्हाय. ह्या खेळात मला एक माणूस बरोबरीचं पायजे. पुढच्या टायमाला मला खडकावर आपटताना बघितलंत तरी फोन करायचा न्हाय. केलात तर खेळ बंद."

मग त्यांनी पाणी मागितलं, चहा घेतला, बागेतून एक चक्कर मारली आणि गेल्या. मी दिवसभर फुटवे काढत राहिले. लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली जिद्द उसळत होती. आता सरळ खेळायचं. हरले तर सरळ हरायचं, जिंकले तर सरळ जिंकायचं.

तिसरी शर्यत आम्ही दोघी अशा खेळलो की शेवटच्या दिवसापर्यंत कोण पुढे हे सांगता येईना. सकाळी मी, दुपारी त्या. शेवटच्या टप्प्यात एक बेट आडवं होतं आणि त्याच्या पलीकडे शर्यतीची शेवटची रेषा. विहीणबाईंनी बेटाच्या उत्तरेच्या टोकाला अगदी खेटून वाट धरली, कारण ती जवळची. मी लांबून निघाले, कारण बेटाच्या आडोशाला निळा पट्टा होता आणि निळं मला आता लांबून कळत होतं.

त्या दिवशी विहीणबाईंच्या भाचीचं लग्न होतं, वडगाव निंबाळकरला. "दिवसभर तिकडंच हाय मी," असं त्यांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. जाताना त्यांनी नाव वाऱ्याशी ठरावीक कोन धरून चालेल अशी लावून ठेवली होती. त्यात एक धोका असतो. वारा वळला की नावही त्याच्यामागे वळते.

साडेदहाला नवा वारा आला. थोडासाच वळलेला. मी माझी दिशा नीट करून घेतली, मग त्यांच्या नावेकडे पाहिलं. नाव हळूहळू बेटाकडे तोंड करत होती. अशीच गेली तर एकच्या सुमाराला खडकाला लागणार. अकरा वाजत आले होते. एक फोन केला की झालं असतं.

तेवढ्यात लेकीचाच फोन आला. ती जळोचीला घरी होती आणि तिनेही आपल्या मोबाइलवर पाहिलं होतं.

"आई, सासूबाईंची नाव खडकात चाललीय. त्यांना सांग की."

"न्हाय सांगायचं."

"अगं, पण किती वाईट वाटंल त्यांना."

"वाटू दे. आणि तू पण सांगायचं न्हाय."

"मी सून हाय त्यांची. मला विचारलं तर काय सांगू?"

"माझं नाव सांग."

तिने रागाने फोन ठेवला. मी बागेत गेले. एका झाडाचे फुटवे काढले, मग दुसऱ्याचे, आणि दर दहा मिनिटांनी मोबाइल काढून पाहिला. दोनदा त्यांचा नंबर काढून बंद केला. मला तो फोन करायचा होता, हे मी लपवत नाही. मन म्हणत होतं, लेक त्यांच्या घरात आहे, एवढं ताणू नकोस. पण ओट्यावर बसलेल्या विहीणबाई डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. एक वाजून गेला. त्यांची नाव थांबली.

माझी नाव निळ्या पट्ट्याला वळसा घालून संध्याकाळच्या आत रेषेपलीकडे गेली. विहीणबाईंची दुसऱ्या दिवशी पोचली. फोन त्यांचाही आला नाही आणि माझाही गेला नाही.

रविवारी मी डाळिंबांची पिशवी घेऊन जळोचीला गेले. जिंकल्याचा आनंद बारामतीच्या स्टँडपर्यंत टिकला, पुढे रिक्षात दोनदा वाटलं, परत फिरावं. दार विहीणबाईंनीच उघडलं. मी सवयीने स्वयंपाकघराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या समोर उभ्या राहिल्या.

"बघितलं व्हतं?"

"बघितलं व्हतं."

"कवा?"

"अकराला."

"म्हंजी दोन तास व्हते तुमच्या हातात."

"व्हय."

त्या सोफ्यावर बसल्या आणि गुडघा चोळायला लागल्या.

"साडेदहाला वारा बदलतो हे मला काय ठाऊक न्हाय व्हय? वळला तर नाव खडकात जाणार, एवढं कळत व्हतं. म्हणलं, जोखीम घेतली ती घेतली. पण लग्नात दोनदा फोन वाजला माझा. दोन्ही टायमाला पर्समध्ये हात घालायला भ्या वाटलं. म्हणलं, झालं, विहीणबाईंनी फोन केला. संपला खेळ." त्या हसल्या. "दोन्ही फोन सिमकार्डवाल्यांचं निघालं. इतकं बरं वाटलं मला, पंगतीत जिलेबी दुसऱ्यांदा मागून घेतली."

डोळे भरून आले, ते मी पदराने पुसले.

"तितं काय बसलाय दारात?" त्या म्हणाल्या. "हितं या." आणि आत तोंड करून माझ्या लेकीला सांगितलं, "दोघींची ताटं एकदम वाढ गं."

मी उठून सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसले. लेकीने दोन ताटं आणून ठेवली. ती अजून माझ्यावर थोडी रागावलेलीच होती.

गेल्या महिन्यात नवी शर्यत होती. डाळिंबाच्या तोडणीत माझा मोबाइल घरी राहिला आणि माझी नाव चार तास एका किनाऱ्याला टेकून होती. मी घरी येऊन पाहिलं, तर विहीणबाई केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. त्यांनी नक्की पाहिलं असणार. त्या दर तासाला बघतात. मी आलेले फोन वर-खाली करून तपासले. त्यांचा एकही नव्हता. मला फार बरं वाटलं.